पुण्याचं ऊन, धूळ आणि पावसाळा सोसेल असा पॅनेल बॉक्स कसा निवडायचा

पॅनेलसाठी, म्हणजे स्विच-स्टार्टर बसवायला, बॉक्स घ्यायला तापकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जा, नाहीतर भोसरीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे, पहिला प्रश्न ठरलेला, धूळ-पाणी किती अडतं त्या दोन अंकी आकड्याचा, "आयपी किती?" उत्तरही ठरलेलं, "पासष्ट देतो साहेब, थेंबभर पाणी जाणार नाही." तिथेच सौदा होतो. मग एप्रिलमध्ये भर दुपारी ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) गरम होऊन बंद पडायला लागतो, मेंटेनन्सवाला दाराला भोक पाडून पंखा बसवतो, आणि जून उजाडेपर्यंत त्या पासष्टमधलं फक्त बिल उरलेलं असतं.

आयपीचा आकडा लागतोच, पण तो सगळ्यात शेवटी ठरवायचा. बॉक्सच्या आत किती उष्णता तयार होणार, तो कुठे टांगला जाणार, तिथली धूळ कोणत्या जातीची आहे आणि रात्री पॅनेल बंद असतं की चालू, एवढं हातात असलं की आकडा फारसा वाद न घालता ठरतो. उलट्या क्रमाने गेलात तर मे महिन्यातली सोय पावसाळ्यात गळ्याशी येते, कारण उष्णता बाहेर काढायला बॉक्स उघडा हवा आणि धूळ-पाणी अडवायला तो बंद हवा. या दोन मागण्यांमध्ये तडजोड कुठे करायची, एवढाच खरा प्रश्न आहे.

इथे जे सांगतोय ते ४१५ व्होल्टच्या नेहमीच्या पॅनेलबद्दल: सोसायटीचा पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प), छोट्या कारखान्यातलं मशीन, शेडमधला कॉम्प्रेसर, पार्किंगमधला डीबी (वीज वाटणारा बोर्ड). जिथे सॉल्व्हंटची वाफ किंवा पिठासारखी पेट घेणारी धूळ हवेत असते, तिथे हे नियम चालणार नाहीत. त्या जागेसाठी प्रमाणित स्फोटरोधक सामानच लागतं.

आधी जागा बघा, आणि दुपारी बघा

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८ ते ४० अंशांवर जातो. मार्चमध्ये पहाटे १५-१६ अंश आणि दुपारी ३५-३६, म्हणजे एका दिवसात वीस अंशांचा फरक. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या घरात. शिवाय "पुणे" म्हणजे एकच हवा नव्हे. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्याला ४००० मिलिमीटरच्या वर. एकाच कंपनीचं एक युनिट तळेगावला आणि दुसरं रांजणगावला असेल तर पहिल्याला ओल जास्त छळते आणि दुसऱ्याला धूळ. दोन्हीकडे एकच ड्रॉइंग पाठवून देणं खरेदी खात्याला सोयीचं असतं, पॅनेलला नव्हे.

बॉक्स जिथे बसणार तिथे दुपारी दोन ते चारच्या दरम्यान थर्मामीटर टांगून बघा, आणि नेमका त्याच उंचीवर टांगा. पॅनेलच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस/आयईसी ६१४३९ मध्ये, बाहेरच्या हवेचं तापमान कमाल ४० अंश आणि चोवीस तासांची सरासरी ३५ अंश धरलेली आहे. पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ मे महिन्यात ४५ अंश सहज होतात. तुमची जागा चाळिसाच्या वर जात असेल तर ते ऑर्डरवर लिहून द्यावं लागतं. नाही लिहिलं तर बनवणारा चाळीसच धरून मोकळा होतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

ऊन कुठून येतं तेही तिथेच उभं राहून बघा. पश्चिमेच्या भिंतीवर ०.८ चौरस मीटरचं दार असेल, तर उन्हाळ्यातल्या दुपारी त्यावर चौरस मीटरमागे ६०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. फिक्या रंगाने त्यातलं निम्मं शोषलं असं धरलं तरी २४० वॅट झाले. पत्रा त्यातली काही उष्णता बाहेरच्या बाहेर सोडतो, पण बॉक्सच्या डोक्यावर एक हीटर लावल्यासारखंच ते आहे. म्हणून उघड्यावरच्या पॅनेलला पहिला खर्च सावलीचा करा. वर उतरती कॅनॉपी हवी, आणि ती बॉक्सला चिकटलेली नको. मधून हवा खेळेल एवढी फट ठेवा. शक्य असेल तर भिंतच बदला. उत्तरेकडची भिंत फुकट मिळते.

धुळीची जात

धूळ म्हणजे धूळ, असं म्हणून चालत नाही. वाघोली-मोशीच्या बाजूची खडी क्रशरची धूळ जड असते, पटकन खाली बसते, फिल्टरमध्ये अडकते. बांधकामावरची सिमेंटची धूळ बारीक, आणि पावसाळ्यात फिल्टरवरच थिजून कडक होते; तो फिल्टर धुवून पुन्हा वापरता येत नाही, फेकावाच लागतो. फाउंड्रीतली धूळ सगळ्यात वाईट, कारण त्यात लोखंडाचे कण आणि कार्बन असतो आणि ती वीज वाहून नेते. बसबारच्या, म्हणजे करंट वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांच्या, सपोर्टवर अशा धुळीचा थर बसला आणि पावसाळ्यात त्याला ओल लागली, की पृष्ठभागावरून करंट सरकायला लागतो, काळी रेघ उमटते आणि एखाद्या सकाळी फ्लॅशओव्हर होतो, म्हणजे ठिणगीचा भडका उडतो. तिथे बाहेरची हवा पॅनेलमध्ये घ्यायचीच नाही, फिल्टर कितीही चांगला असला तरी.

एसटीपीच्या खोलीचं दुखणं वेगळंच. तिथे धूळ फारशी नसते, पण कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा. हा वायू तांब्याला आणि कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) चांदीच्या टिप्सना काळं करतो. अशा खोलीतलं जुनं पॅनेल पावसाळ्यात सकाळी उघडून बघा: छताच्या पत्र्याला आतून थेंब लटकलेले, कंट्रोल वायरींची सोललेली टोकं काजळी धरल्यासारखी, आणि टर्मिनलचा स्क्रू फिरवला की खालची तार तुटून हातात येते. बॉक्स पासष्टचा असतो, गॅस्केटही (दाराच्या कडेची सील) शाबूत असतं. फिल्टर धूळ अडवतो, वायू अडवत नाही. इथे बॉक्सवर पैसे ओतण्यापेक्षा पॅनेल त्या खोलीच्या बाहेर, भिंतीपलीकडे घेणं स्वस्त पडतं. जाणाऱ्या केबलची भोकं मात्र दोन्ही बाजूंनी सील करायची, नाहीतर वायू पाइपातून मागोमाग येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे पटवून देणं अवघड जातं, पण दर दोन वर्षांनी कॉन्टॅक्टर बदलण्याचं बिल समोर ठेवलं की पटतं.

आतली उष्णता वॅटमध्ये काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि हिला लागतात जेमतेम दहा मिनिटं. आतल्या प्रत्येक वस्तूचा वॅट-लॉस तिच्या कॅटलॉगमध्ये असतो. ड्राइव्हचा लॉस सापडला नाही तर त्याच्या क्षमतेच्या ३ टक्के धरा. १० एचपीच्या पंपाचा ७.५ किलोवॅटचा ड्राइव्ह म्हणजे सुमारे २२५ वॅट. कॉन्टॅक्टर, एमसीबी, पॉवर सप्लाय, ट्रान्सफॉर्मर मिळून आणखी ३५ धरू. एकूण २६० वॅट.

आता बॉक्स. रुंदी ८०० मिमी, उंची १००० मिमी, खोली ३०० मिमी, भिंतीवर टांगलेला. पाठ भिंतीला असल्याने तिच्यातून उष्णता जवळजवळ जात नाही, म्हणून उपयोगी क्षेत्रफळ काढायचा ठरलेला हिशोब असा: १.४ गुणिले रुंदी गुणिले (उंची अधिक खोली), त्यात १.८ गुणिले खोली गुणिले उंची मिळवायची. मापं मीटरमध्ये घ्या. उत्तर येतं जवळजवळ बरोबर २ चौरस मीटर. रंगवलेल्या लोखंडी पत्र्यातून दर चौरस मीटरमागे, दर अंशाला साधारण ५.५ वॅट बाहेर पडतात. प्लॅस्टिक किंवा एफआरपीतून (फायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकमधून) ३.५ च्या आसपास. म्हणजे हा बॉक्स अंशामागे ११ वॅट बाहेर टाकतो. २६० ला ११ ने भागा: आतली हवा बाहेरच्यापेक्षा २४ अंशांनी जास्त तापणार. बाहेर ४२ असतील तर आत ६६.

साधारण ड्राइव्ह पूर्ण क्षमतेने ४० अंशांपर्यंत चालतो. ५० पर्यंत चालवायचा तर क्षमता कमी धरून. ६६ मध्ये तो बंद पडला तर ती त्याची शहाणीवच म्हणायची. एमसीबीचं रेटिंग ३० अंशांना ठरवलेलं असतं. ६० च्या आसपास ते १०-१५ टक्क्यांनी खाली येतं, आणि ओळीने चिकटून बसवलेल्या एमसीबींमध्ये त्याहूनही. पंप फक्त उन्हाळ्यात आणि फक्त दुपारीच ट्रिप मारतो, मोटर मात्र तपासली की ठणठणीत, ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. ड्राइव्ह आणि पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मं करून घेतात.

उष्णता बाहेर काढायची कशी

बॉक्स मोठा घेतला की झालं, असं वाटतं. वरच्या उदाहरणात आतलं तापमान ५० वर ठेवायचं तर फक्त आठ अंशांची मुभा उरते, आणि २६० वॅटला सुमारे सहा चौरस मीटर पत्रा लागतो. तिप्पट. डीबी, स्टार्टर, छोटं पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) पॅनेल, म्हणजे जिथे वॅट पन्नास-साठच्या आत आहेत, तिथे मोठा बॉक्स हाच सगळ्यात चांगला उपाय: फिरणारं काही नाही, साफ करायचं काही नाही. ड्राइव्ह आला की गणित बदलतं.

मग फिल्टर-पंखा. पत्र्यातून आठ अंशांवर ८८ वॅट तसेही जातात, राहिले १७२. हवा किती लागेल ते काढायला उरलेले वॅट अंशांच्या फरकाने भागायचे आणि एका गुणांकाने गुणायचं. समुद्रकिनारी तो ३.१ असतो, पुण्याच्या उंचीवर हवा विरळ, म्हणून ३.४ घ्या. उत्तर, तासाला ७३ घनमीटर. पण हा आकडा स्वच्छ फिल्टरचा. इथल्या धुळीत महिनाभरात फिल्टर अर्धा बुजतो, तेव्हा दुप्पट, म्हणजे तासाला १५० घनमीटरच्या जवळचा पंखा घ्या, आणि तो आकडा मोकळ्या पंख्याचा नसून फिल्टर आणि बाहेर पडायच्या जाळीसकट आहे ना ते कॅटलॉगमध्ये बघून घ्या. एवढं करूनही आत ५० अंश आहेत, म्हणून ड्राइव्ह एक साइज वरचा घ्यायला विसरू नका.

पंख्याची दिशा हा पुण्यातल्या अर्ध्या पॅनेलमधला दोष आहे. गरम हवा वर जाते म्हणून वर एक्झॉस्ट पंखा लावतात आणि तो हवा बाहेर ओढतो. आत कमी दाब तयार होतो, आणि मग हवा फिल्टरमधूनच येते असं नाही. दाराची फट, ग्लँडशेजारची (केबल आत घेतात त्या बुचाशेजारची) भोकं, जिथून वाट मिळेल तिथून धुळीसकट आत शिरते. पंखा खाली बसवा, हवा फिल्टरमधून आत ढकलू द्या, आणि वरच्या बाजूला फिल्टरसह बाहेर पडायची वाट ठेवा. आत किंचित जास्त दाब राहिला की फटीतून हवा बाहेरच जाते. पंख्याला थर्मोस्टॅट लावा, ३५-४० अंशांवर. चोवीस तास फिरणारा पंखा म्हणजे चोवीस तास धूळ आणि पावसाळ्यात चोवीस तास दमट हवा.

दाराला किंवा बाजूला नुसती झडपांची जाळी, लूव्हर्स म्हणतात ती, उघड्यावर किंवा धुळीच्या शेडमध्ये चालत नाही. फिल्टर-पंख्याने बॉक्सचा आयपी सहसा ५४ वर येतो हे लक्षात ठेवा, कारण पुढे ते लागणार आहे.

फाउंड्री, क्रशर, एसटीपीशेजार: इथे बाहेरची हवा आत नकोच. मग दोन वाटा. एअर-टू-एअर हीट एक्स्चेंजर आतली आणि बाहेरची हवा वेगळी ठेवून उष्णता तेवढी पलीकडे देतो, पण आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा खाली कधीच नेऊ शकत नाही. शेडमध्ये ४५ असतील तर आत ५०-५५ राहणारच. तेवढं तापमानही चालणार नसेल तर पॅनेल एसी.

पॅनेल एसी बसवून सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तो २२-२४ अंशांवर ठेवणं. साहेबांच्या केबिनसारखा गारवा पॅनेलला नको असतो. जुलैमध्ये बाहेर २५ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर ओल धरायचा बिंदू २३ अंशांच्या जवळ येतो. आत सगळं २२ वर असताना कोणी दार उघडलं, की फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा बसबारला घाम फुटतो. एसी ३५ वर ठेवा, दार उघडताच तो बंद करणारा स्विच लावा, आणि पाणी बाहेर नेणारी नळी उताराने काढा. एसी असलेला बॉक्स गळका असेल तर तो दिवसभर बाहेरची दमट हवाच सुकवत बसतो, म्हणून इथे गॅस्केट चांगलं लागतं.

पावसाळ्यात पाणी बाहेरून कमी, आतून जास्त

घट्ट बॉक्समध्ये पाणी कुठून आलं, हे कोडं दर ऑगस्टमध्ये कोणाला तरी पडतं. आपल्या उदाहरणातल्या बॉक्समध्ये २४० लिटर हवा आहे. दुपारी आत ५५ अंश, मग जोराची सर येते आणि पत्रा २२ वर येतो. हवा दहा टक्क्यांनी आकसते आणि बाहेरून २४ लिटर हवा आत ओढते. पावसाळ्यातल्या त्या २४ लिटर हवेत साधारण अर्धा ग्रॅम पाणी असतं. ते रात्री थंड पत्र्यावर जमतं, खाली गळतं, आणि घट्ट बॉक्समधून सगळंच्या सगळं बाहेर जात नाही. रोज असं चालू राहिलं की तळाशी ओल दिसायला लागते. वर, गॅस्केटच्या कडेला पाणी साचलेलं असेल तर हवेसोबत तेही आत येतं. गॅस्केट जितकं चांगलं, तितकं आत शिरलेलं पाणी आतच राहतं. म्हणून "आयपी वाढवा" हे या दुखण्यावरचं औषध नव्हे.

उपाय तीन, आणि ते एकत्रच करायचे. तळाला सगळ्यात खालच्या कोपऱ्यात ब्रीदर-ड्रेन प्लग, बॉक्सच्या आयपीला जुळणारा. त्यातून हवेचा दाब सारखा होतो आणि साचलेलं पाणी उतरतं. बॉक्सच्या तळाला भोक पाडून सोडून देणं म्हणजे ड्रेन नव्हे, ते पालीचं प्रवेशद्वार. दुसरं, अँटी-कंडेन्सेशन हीटर. आतली हवा बाहेरपेक्षा पाच अंश गरम ठेवायची: ११ वॅट गुणिले ५, म्हणजे ५५, साठ वॅटचा हीटर पुरे. तो तळाशी बसवा, प्लॅस्टिक डक्ट आणि वायरींपासून लांब, आणि ह्युमिडिस्टॅटने (आर्द्रतेवर चालणाऱ्या स्विचने) ६५ टक्क्यांच्या आसपास चालू होऊ द्या. तिसरं, हीटरचा सप्लाय मेन स्विचच्या आधीपासून किंवा दुसरीकडून घ्या. मेन स्विच बंद असतानाच तर आतली उष्णता थांबते आणि घाम सुटतो. अशा वेळी आत एक वायर जिवंत राहते, म्हणून दाराच्या आत ठळक मराठीत आणि हिंदीत पाटी लावा, टर्मिनलला झाकण घाला, आणि पॅनेलमध्ये हात घालणारा माणूस परवानाधारकच असू द्या.

वर्षातून आठ महिने पडून राहणाऱ्या पंपाचं किंवा जनरेटरचं पॅनेल चालू पॅनेलपेक्षा आधी खराब होतं ते याच कारणाने.

पत्रा, रंग, गॅस्केट

सीआरसीए (थंड लाटलेला लोखंडी) पत्रा, पावडर कोटिंगसह, पुण्यात बहुतेक जागी पुरतो. छोट्या बॉक्सला १.६ मिमी, म्हणजे बाजारातला १६ गेज. मोठ्या दाराला आणि गियर प्लेटला (आतलं सामान बसवायच्या पत्र्याला) २ मिमी, म्हणजे १४ गेज. १८ गेजचं मोठं दार घेऊ नका. चांगलं गॅस्केटसुद्धा वाकलेल्या दाराला काही करू शकत नाही. कोपरे दाबले जातात आणि मध्ये फट राहते. कोटिंगची जाडी ६०-८० मायक्रॉन असावी, पण जाडीपेक्षा कोटिंगआधीची धुलाई महत्त्वाची: ग्रीस काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग. ही सात टाक्यांची प्रक्रिया आहे का, हे विचारा आणि जमलं तर जाऊन बघा. नंतर साइटवर पाडलेल्या प्रत्येक भोकाची कडा उघडी पडते. तिला तिथेच प्रायमर लावला नाही तर पहिल्या पावसाळ्यात लाल ओघळ येतात.

रंग फिका घ्या, आरएएल ७०३५ म्हणजे फिका करडा. उघड्यावर गडद रंग शोभेसाठी घेऊ नये.

स्टेनलेसची गरज धुलाई होणाऱ्या फूड युनिटला, एसटीपीशेजारी, कायम ओल्या जागी. ३०४ ही जात बहुतेक ठिकाणी पुरते. कुरकुंभसारख्या केमिकल पट्ट्यात, जिथे हवेत क्लोराइड किंवा ॲसिडची वाफ असते, तिथे ३०४ ला बारीक खड्डे पडतात. ३१६ घ्या किंवा एफआरपी. एफआरपी गंजत नाही, हलकं असतं, पण उष्णता कोंडतं, तेव्हा वरचं गणित ३.५ धरून पुन्हा करा. उन्हात ठेवायचं असेल तर यूव्ही-स्थिर आहे असं लेखी घ्या. पार्किंगमध्ये, जिथे गाड्यांचे धक्के बसतात, तिथे आयके १० (धक्का सोसण्याचा दर्जा) मागता येतं. तो २० ज्यूलचा मार सोसतो.

गॅस्केटमध्ये फरक डोळ्यांनी दिसतो. चिकटवलेल्या रबर पट्टीला चार कोपऱ्यांवर सांधे असतात आणि पाणी नेमकं तिथून येतं. मशीनने ओतलेलं पीयू फोम गॅस्केट एकसंध असतं. दाराच्या चौकटीला उभी घडी आहे का बघा, पाणी बाजूला नेणारी. ती नसेल तर सगळा भार गॅस्केटवर येतो. मीटरभर उंचीच्या दाराला एक लॉक पुरत नाही.

आता आयपी

पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ५ म्हणजे धूळ थोडी जाईल पण कामात अडथळा येईल इतकी नाही; ६ म्हणजे धूळ अजिबात नाही. दुसरा ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणारं पाणी, ५ म्हणजे नळीचा फवारा, चाचणीत ६.३ मिमीच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर. ६ म्हणजे जोरदार फवारा, साडेबारा मिमीचं नोझल आणि मिनिटाला १०० लिटर. चाचणी स्वच्छ पाण्याने, नव्या बॉक्सवर होते. गंज, ऊन, वायू आणि आतला घाम यांबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

कोरड्या, स्वच्छ इलेक्ट्रिकल रूममध्ये ४२ चालतं. साध्या मशीन शॉपमध्ये फिल्टर-पंख्यासह ५४. उघड्यावर, कॅनॉपीखाली ५५. फाउंड्री आणि क्रशरला ६५, पण बंद शीतकरणासह. रोज पाइपने धुवायची जागा असेल तर ६६. घाटाकडच्या उघड्या जागीही मी ६५ आणि ब्रीदर असंच सांगेन. बेसमेंट पार्किंगमध्ये पाणी भरायची भीती असेल तर ६७ मागू नका, पॅनेल चार फूट वर घ्या.

चाचणी अहवाल मागा, सीपीआरआय, एर्डा किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा. अहवालात बॉक्सचं माप वाचा. ३०० मिमीच्या कोऱ्या डबीचा अहवाल दाखवून मीटर, पुशबटण आणि इंडिकेटरसाठी पंधरा भोकं पाडलेलं मोठं दार विकलं जातं. दारावर जे जे बसणार त्या प्रत्येकाचा आयपी बॉक्सइतका किंवा जास्त हवा. सगळ्यात कमी अंकाचं बटण म्हणजे तुमच्या पॅनेलचा खरा आयपी.

भोकं

केबल नेहमी खालून. उघड्यावर वरून केबल घेणं म्हणजे पन्हाळ सोडण्यासारखं आहे, मग ग्लँड कोणताही लावा. केबलला बॉक्सच्या खाली एक झोल द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. ग्लँडचा साइज केबलच्या बाहेरच्या व्यासाने ठरवा. एका ग्लँडमधून दोन केबल घालून इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत बंद करा. वापरात नसलेल्या भोकांना बूच. फोम फवारून बुजवलेलं भोक उंदीर रात्रीत मोकळं करतात. पाल बसबारवर गेली की तिचाही आणि पॅनेलचाही शेवट एकत्र होतो.

दाराला अर्थिंगची वेणी असावी, आणि ती जिथे बसते तिथली पावडर खरवडलेली असावी. रंगावर बसवलेला बोल्ट दिसायला अर्थ असतो, मोजायला गेलं की नसतो.

माल आला की, आणि नंतर

उतरवून घेताना दाराच्या कडेला सगळीकडे, विशेषतः चारही कोपऱ्यांत, साध्या कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सरसर निघाली तर तिथे दाब नाही. बिजागऱ्या जुळवून घ्या, तरीही निघत असेल तर परत पाठवा. एकदा वायरिंग झालं की कोणी परत पाठवत नाही.

फिल्टर मार्च ते मे दर दोन आठवड्यांनी बघा, बांधकाम शेजारी असेल तर दर आठवड्याला. बदलायचे फिल्टर दाराच्या खिशात ठेवून द्या. स्टोअरमधून मागवावे लागले तर ते बदलले जात नाहीत. मे अखेरीस लाइन बंद करून, लॉक लावून, व्हॅक्यूमने धूळ काढा. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकलेली धूळ फक्त कॉन्टॅक्टरच्या आत जाते. हीटर गरम होतो का आणि ड्रेन प्लग मोकळा आहे का, तेही त्याच दिवशी.

पहिला वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी पॅनेल बंद करून दार उघडा आणि पाणी आहे का एवढंच न बघता ते कुठे आहे ते बघा. छताला आतून थेंब असतील तर तो घाम आहे: हीटर आणि ब्रीदर तपासा. ग्लँड प्लेटवर, केबलच्या बुडाशी ओल असेल तर केबल किंवा पाइपातून येतंय. बिजागरीच्या बाजूने उभा ओघळ असेल तर गॅस्केटचा दाब गेलाय. आणि दारावरच्या बटणांच्या मागे थेंब असतील तर कोणीतरी स्वस्तातलं बटण बसवलंय. ते बदलायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी अख्खं दार सिलिकॉनने माखू नका.